बिबट्याच्या पावलांची बाज

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज विणली. तीही पुरी नाही, निम्मीच.

पावसानं जरा उघडीप दिली होती. रानात पाय ठेवला की घोट्याएवढा चिखल, म्हणून घरीच होतो. बाजेचा लाकडी सांगाडा ओट्यावर लांब कडेवर उभा केला आणि खांबांना बांधला. ती अंगणाच्या अंगाला बसली, उजेड तिला लागायचा. मी आत, भिंत आणि बाज यांच्या मधल्या बोळीत. लग्नापासून आमच्या जागा ह्याच. सांगाड्यावर पांढऱ्या दोऱ्या आडव्या ताणलेल्या असतात, त्यांच्यातून काळी दोरी वरून खाली गुंफत आणायची. ती काळ्या दोरीचा गुंडा फटीतून माझ्याकडे देणार. मी ती सांगेल तेवढ्या पांढऱ्या दोऱ्या सोडून पुढच्या फटीतून तो परत तिच्याकडे देणार. "दोन घे, एक सोड, दोन घे, एक सोड," असं ती बोलत जायची. घे म्हणजे काळी दोरी तिच्या बाजूनं वर दिसणार. सोड म्हणजे तिथं ती माझ्या बाजूला दडणार. ओळ खालपर्यंत आली की मी मागून ओढून ताण धरायचा आणि म्हणायचं, "हां." माझं हां आल्याशिवाय ती पुढची ओळ धरत नसे.

विणकामातली माझी अक्कल तेवढीच. ओढायचं आणि हां म्हणायचं.

अंधारून आलं तशी ती म्हणाली, "बास आता. पाठ धरली."

मी म्हणालो, "आजून दोन ओळी व्हत्यात की."

"मग बसा तुमी. आन् भाकरी बी तुमीच थापा."

दोरीला गाठ मारून ती आत गेली. चुलीपुढं बसली ती पुन्हा उठली नाही. गाडी मिळाली, दवाखानाही गाठला, पण ती वाटेतच गेली होती. याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

नक्षीबद्दल मात्र लिहिण्यासारखं आहे. आमच्याकडे बाजेवर मोर काढतात, चौकटी काढतात, लई झालं तर घोडा. हिनं बिबट्याचं पाऊल काढायला घेतलं होतं. आमच्या भागात बिबट्या काही नवा नाही. उसात राहतो, कुत्री नेतो, अंधार पडला की आम्ही काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय गोठ्यात जात नाही. एकदा कांद्याच्या वाफ्यात त्याचं पाऊल उमटलं. सगळा गाव बघायला आला आणि बघून गेला. हिनं त्याच्यावर टोपलं पालथं घातलं.

"अगं, त्येला काय झाकतीस? कोंबडी हाय का ती?"

"वाळून फुटंल. मला बघायचंय."

मग सकाळ-संध्याकाळ टोपलं उचलून बघायची. कोळशानं फरशीवर काढायची, पुसायची, परत काढायची. एक मोठा गोळा आणि वर चार बोटं. मी म्हणालो, याला कोण झोपंल? तर म्हणाली, "मोर तुमी कधी बघितला दारात? ह्यो रोज घरापुढनं जातो, त्येला कोण काढीत न्हाई." बाज कुणाला द्यायची नव्हती, विकायची नव्हती. घरात बाजांना तोटा नव्हता. तिला ते पाऊल दोरीत येतंय का बघायचं होतं, एवढंच कारण.

आलं होतं. बाज निम्मी विणून झाली तेव्हा काळी पावलं उशाकडून पायथ्याकडे चाललेली स्पष्ट दिसत होती.

दहाव्याला माणसं जमली. ओट्यावर बसायला जागा कमी आणि बाज मधेच उभी. कुणी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. माझी थोरली बहीण पेठेला दिली आहे, ती मोटारीतून उतरली तीच म्हणाली, "ही अशी का ठिवली?"

"इणायची ऱ्हायलीय."

"अरं, अर्धी बाज घरात उभी ठिवू नये. ती माणूस मागती."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. आईला तिच्या आईनं."

"मग पुरी करतो."

"तू?" आक्का त्या दुःखातही हसली. "तुला हां म्हणायच्या पल्याड काय येतं? उसव ती आन् दोरी गुंडाळून ठिव. भाऊबीजेला मी येईन तवा जर ही अशीच दिसली, तर कोयत्यानं तोडून टाकीन. तुझ्या घरातनं आता आनखी कोन जायला नको."

आक्का बोलते तसं करते. लहानपणी तिनं माझा पतंग असाच चुलीत घातला होता. म्हणून मला दोनच वाटा होत्या. भाऊबीजेच्या आत बाज तिच्या नक्षीनं पुरी करायची, नाहीतर तिच्या हातचं शेवटचं काम उसवलेलं बघायचं.

मला नक्षी येत नव्हती. घे आणि सोड मी जन्मभर ऐकलं, पण ते गाडीच्या आवाजासारखं ऐकलं. कुठल्या ओळीला किती, ते माझ्या डोक्यात काही नव्हतं. बाजेपुढं बसून बोटानं मोजायला लागलो तर तिसऱ्या ओळीला डोळ्यांपुढं दोऱ्या पळायला लागल्या.

सुनेचा रोज संध्याकाळी फोन येतो. मुलगा आणि सून पुण्यात, दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिला म्हणालो, असं असं आहे. ती म्हणाली, "नाना, माझा एक साइड प्रोजेक्ट आहे. आईंना दाखवला होता मी."

"ते काय असतं?"

"कंपनीचं काम संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी, मी माझं माझं बनवते ते."

सूनबाईला क्रोशाची आवड आहे. सुईनं लोकरीच्या टोप्या, पिशव्या विणते. तिनं असा एक प्रोग्रॅम बनवायला घेतला होता की विणलेल्या कापडाचा फोटो दिला की तो त्यातले टाके ओळखून पुढं कसं विणायचं ते सांगेल. मला हे ऐकून गंमत वाटली. दिवसभर कंपनीत तेच काम आणि सुट्टीला पुन्हा तेच?

"कंपनी याचा पगार देती का?"

"नाही."

"मग कोन इकत घेतं का?"

"नाही नाना, मी फुकटच ठेवणार आहे."

"मग कशापायी एवढी डोळेफोड?"

"जमतंय का ते बघायला," ती म्हणाली. "आईंनीही मला हेच विचारलं होतं. मग स्वतःच म्हणाल्या, मी तरी कुणासाठी विणते?"

ह्या दोघींचं असलं काही बोलणं होतं हे मला माहीत नव्हतं. दोघी ओट्यावर बसून काय खुसुखुसु बोलतात, मला वाटायचं माझ्यावरच चाललंय.

तिनं सांगितलं, बाजेचा फोटो काढून पाठवा. सरळ काढा, वाकडा नको, विणलेला सगळा भाग आला पाहिजे, सगळ्या फटी दिसल्या पाहिजेत. मी बाजेपाशी जाऊन बसलो, मोबाईल नीट धरला आणि काढला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो हसतच.

"नाना, फटीतून कोंबडी दिसतेय. प्रोग्रॅमनं कोंबडीला विणकाम धरलंय. तुमच्या बाजेवर त्याच्या हिशेबानं एक मोठा तपकिरी गोळा आहे."

"मग त्येला सांग की ती कोंबडी हाय."

"त्याला कोंबडी माहीतच नाही ना."

मी कोंबड्या टोपल्याखाली डालून पुन्हा फोटो काढला. पण हे मला सोडवेना. कोंबडी माहीत नाही, मग दोरी कशी माहीत? मी तिला खोदून खोदून विचारलं. ती कंटाळली नाही. म्हणाली, नाना, फोटोचे बारीक चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारायचा, इथं काळी दोरी वर आहे का खाली? वर असेल तर एक मांडायचा, खाली असेल तर शून्य. बास. मग एक आणि शून्यांचं ते शेत बघून तो शोधतो की कुठला तुकडा पुन्हा पुन्हा येतोय.

"म्हंजे त्येला बी घे आन् सोड, एवढंच येतं?"

"तेवढंच येतं. कॉम्प्युटरचं सगळं त्याच्यावरच उभं आहे."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला वाटत होतं त्या डब्यात काहीतरी लई अवघड असेल. आणि आत निघालं तर आमच्या ओट्यावरचंच. त्या रात्री झोप येईपर्यंत मी तेच घोळवत होतो. एवढ्या दोन शब्दांत बँक चालते, एसटीचं तिकीट निघतं, आणि पुण्यातल्या लेकाचं तोंड माझ्या हातात दिसतं. घे, सोड, घे, सोड.

तिनं नक्षीचा कागद बनवून फोनवर पाठवला, पण मला तो वाचता येईना. बारीक चौकोन, त्यात माझा चष्मा, आणि विणताना दोन्ही हात दोरीत असणार. मग तिनं आणखी एक सोय केली. फोनच बोलायला लागला. "ओळ पहिली. एक सोड. एक घे." बाईचा आवाज, पण बँकेत टोकन पुकारतात तसा. आणि लई घाई. माझी पहिली ओळ बोटानं मोजून होईतो तो चौथ्या ओळीला. मी तिला सांगितलं, हिला थांबायला शिकव. ती म्हणाली, कशावर थांबवू? मी म्हणालो, मी हां म्हणेपर्यंत. पुढच्या सुट्टीला तिनं तेही केलं. मी हां म्हणालो की फोन पुढची ओळ सांगायचा. मला ह्याचं एवढं नवल वाटलं की दोरी हातात न घेताच तीन-चारदा हां म्हणून बघितलं. मग त्याला मागं आणायला पुन्हा सुनेला फोन.

तेव्हाच तिनं भीत भीत विचारलं, "नाना, आईंचे बरेच व्हिडिओ आहेत माझ्याकडे. त्यातून आवाज घेऊन हे सगळं आईंच्या आवाजात बोलेल असं करता येतं. करू का?"

मी फोन कानाला लावून ओट्यावरून अंगणात उतरलो. तिला वाटलं रेंज गेली. "नाना? ऐकू येतंय का?"

"येतंय. करू नको."

"बरं."

"मेलेल्या माणसाला कामाला लावू नये."

"सॉरी नाना. मी उगाच..."

"सॉरी कशापायी? इचारलंस ते बरं केलंस. असं बी करता येतं हे तरी मला कळलं."

खोटं कशाला लिहू, त्यानंतर दोन-तीन दिवस मनात येत होतं की एकदा ऐकून तर बघावं. पण मग वाटायचं, तो आवाज दोन घे, एक सोड म्हणेल. पाठ धरली म्हणेल का? मी काही बोललो तर उलटं बोलेल का? जे उलटं बोलत नाही ते तिचं नव्हे. म्हणून टोकनवालीच बरी.

तिच्या हातची गाठ मला सोडायची नव्हती, म्हणून तिथून पुढं नवी दोरी जोडायचं ठरवलं. ती आणायला जुन्नरच्या बाजाराला गेलो. दोरीचं दुकान एका मुसलमान घराचं, बापजाद्यांपासून त्यांचा तोच धंदा. आताचा मालक माझ्याहून तरणा. मला एकटा बघून म्हणाला, "का हो नाना, वहिनी नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यानं गल्ल्यापुढची खुर्ची मला दिली, पाणी मागवलं आणि स्वतः आत जाऊन काळ्या दोरीची बंडलं घेऊन आला. एकेक उलगडून ओढून बघायला लागला.

"तू कशाला बघतोस? माल तुझाच हाय."

"त्या बघायच्या ना. आमचे अब्बा म्हणायचे, या बाईला दोरी पसंत पडली तर त्या दोरीनं हत्ती बांधा." चौथं बंडल त्यानं माझ्या हातात दिलं. "ही त्यांनी घेतली असती."

मग कामाला बसलो. आता बसायचं तर तिच्या जागेवर, कारण नक्षी पुढून चालते. आणि मागं कुणी नाही. जिथं अजून विणलं नव्हतं तिथल्या पांढऱ्या दोऱ्यांमधून डावा हात पलीकडे घालायचा, गुंडा तिकडे धरायचा, पुढच्या फटीतून इकडे घ्यायचा. हात कोपरापर्यंत सोलून निघाला. शेजारपाजारचे मदतीला यायचे, पण आले की अर्धा तास बिबट्याच्या गोष्टी सांगायचे आणि चहा पिऊन जायचे. त्यापेक्षा एकटा बरा होतो. ओळ झाली की मान वाकडी करून ताण धरायचा आणि फोनला म्हणायचं, हां.

सुरुवातीच्या ओळी छान आल्या. पावलांच्या मधली जागा असते ती नुसती एक घे, एक सोड अशी करडी असते, तीत चुकायला काही नाही. मग पाऊल सुरू झालं. फोन म्हणाला, चार सोड. मी चार सोडल्या. पुढच्या ओळीला पाच सोड. माझ्या समोर पाऊल उमटायला लागलं खरं, पण पांढरं. काळी दोरी सगळी मागं दडलेली आणि पुढं पांढऱ्या दोऱ्यांचा गोळा.

मी थांबलो. तिची पावलं बघितली, काळी. माझं बघितलं, पांढरं. सुनेला विचारलं, "त्यो बरुबर सांगतोय ना?"

तिनं आपल्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "माझ्याकडे तर सगळं जुळतंय नाना. आधीच्या पावलासारखंच आहे पुढचं."

मी मनात म्हणालो, आपण शिकलेलो नाही. हिच्या मशीननं सगळी बाज एकदम बघितली, आपण एक ओळ बघतो. कदाचित बायकोच्या मनात पुढं पांढरी पावलं असतील आणि मशीनला तिच्या विणण्यातून ते कळलं असेल. मला हा विचार आवडला, हे खरं कारण. तिच्या मनातलं काहीतरी माझ्या हातातून आता बाहेर येतंय, जे तिनं मला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी बसताना मला उत्सुकता असायची की आता पुढं काय निघणार. काही दिवस मी त्याच्यावर काढले.

या दिवाळीला घरात सण नव्हता. आकाशकंदील नाही, फराळ नाही. पण मुलगा-सून आली, आणि भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी आक्का आली. अंगणात उभी राहिली, पिशवी खाली ठेवली आणि बाजेकडे बघून म्हणाली, "अरं, ह्यो बिबट्या निम्म्या वाटंत म्हातारा झाला का?"

"का?"

"पांढरा झालाय की तुझ्यावानी."

मुलगा हसला. सून आतून आली. दहाव्याला आली तेव्हा बाजेवर टॉवेल होते, माणसं होती, तिनं नक्षी धड बघितलीच नव्हती. आता बघितली आणि तिचं तोंड उतरलं. फोन काढला, मी पाठवलेला फोटो मोठा केला, एकदा फोटो बघते, एकदा बाज.

"नाना, हा फोटो तुम्ही कुठं बसून काढला?"

"कुठं म्हंजे? माझ्या जागंवर."

"आतल्या बाजूनं? भिंतीकडून?"

"हां मग. मी तिथंच बसतो."

तिनं कपाळावर हात मारला. "कोंबडी! कोंबडी अंगणात होती. पुढून फोटो काढला असता तर फटीतून भिंत दिसायला पाहिजे होती. माझ्या डोक्यात तेव्हाच यायला हवं होतं."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी बोळीत जाऊन बसलो आणि माझ्या जागेवरून बाज बघितली. तिच्या हातची पावलं इकडून पांढरी होती आणि माझ्या हातची काळी. तिकडं जे घे ते इकडं सोड. मधली करडी जागा दोन्ही अंगांनी सारखीच, म्हणून सुरुवातीला काही कळलं नाही. प्रोग्रॅम चुकला नव्हता. त्यानं मागच्या बाजूची बाज बघितली आणि मी ती पुढं विणली. आता कुणीही म्हणेल, बाजेची पुढची बाजू कुठली हे म्हाताऱ्याला कळू नये? पण मी तिथंच बसत आलो. फोटो काढायचा म्हटल्यावर पाय आपोआप तिकडंच गेले.

म्हणजे तिच्या मनात पांढरं काही नव्हतं. मला ते थोडं लागलं.

"सोपं आहे नाना," सून म्हणाली, "एक ओळ बदलली की सगळं उलटं होईल. आत्ता करते."

"कशाला? तुमच्या आई सांगायच्या त्येच्या उलटं करण्यात जल्म गेला माझा. ह्ये पन करीन उलटं."

ती हसली, डोळे पुसले आणि तरी बदललंच. बसल्या बसल्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक प्रश्न घातला. फोटो दिला की तो आधी विचारणार, हा पुढून काढलाय की मागून? मी म्हणालो, हे कुणाला लागणार, बाजा आता कोण विणतं? ती म्हणाली, "बाज नसेल, पण लोकरीचं असेल, मण्यांचं असेल. मागं बसणारा माणूस कुठंतरी असेलच ना नाना."

मग घरात वाद लागला. मुलगा म्हणाला, "राहू द्या असंच. दोन रंग छान दिसतात." सुनेलाही तसंच वाटत होतं. म्हणाली, ही तुमची पावलं आहेत, ती आईंची. बोलायला ते चांगलं वाटतं. पण तिनं वाफ्यात टोपलं झाकून जे पाऊल बघितलं ते काही पांढरं नव्हतं. ओल्या मातीतलं काळंभोर पाऊल होतं ते. तिला ते दोरीत आणायचं होतं.

"मी माझं उसवतो," मी म्हणालो. "तिचं न्हाई."

आक्का म्हणाली, "आन् भाऊबीज उद्या हाय."

"म्हाईत हाय."

"कोयता कुठंय तुझा?"

"गोठ्यात. पर उद्या तू कोयता धरायची न्हाईस. तू मागं बसायचीस."

"मी? मी पावणी हाय!"

"पावणी मागं बसती. तिथं सावली हाय."

ती पिशवी उचलून आत गेली आणि सुनेला विचारायला लागली की ह्या घरात चहा तरी मिळतो का.

सकाळी सगळे उठायच्या आधी मी बाजेपुढं बसलो. शेवटून एकेक ओळ सोडत गेलो. विणायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्माही उसवायला लागला नाही. तिच्या शेवटच्या ओळीपाशी थांबलो, दोरी परत गुंडाळली. आक्का आंघोळ करून आली, बोळीत शिरताना गुडघ्याच्या नावानं सगळ्यांना शिव्या दिल्या आणि बसली. फटीतून तिचं नाक तेवढं दिसत होतं.

फोन बोलायला लावला. "ओळ पहिली. एक घे. एक सोड." मी गुंडा आत दिला. आक्कानं तो परत दिला तो चुकीच्या फटीतून. पुन्हा दिला. ओळ झाली, तिनं बैल ओढावा तशी दोरी ओढली आणि म्हणाली, "हां!" सवयीनं मीही म्हणालो, "हां." फोनला दोन हां ऐकू गेले, तो एक ओळ सोडून पुढं पळाला. दुसऱ्या ओळीला परत तसंच.

"ह्या बाईला गप कर आधी," आक्का आतून म्हणाली. "तीन-तीन माणसं इणत न्हाईत बाज."

मी फोन बंद करून बाजूला ठेवला. एवढे दिवस ऐकून ओळी माझ्या तोंडात बसल्या होत्या, फक्त घेच्या जागी सोड आणि सोडच्या जागी घे करायचं होतं. सावकाश, मोठ्यानं बोलत गेलो. "एक घे. एक सोड. चार घे." आक्कानं ओढलं. "पाच घे."

पाऊल काळं आलं.